बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक आणि दिवे : नाथसागराच्या काठावरचा अनुभव

पुराच्या पाण्यात बोट कशी चालवावी याविषयी आमच्याकडे बरीच चर्चा होते, परंतु ती बोट ज्या ट्रेलरवरून पाण्यापर्यंत पोहोचते त्याच्या ब्रेकविषयी आणि दिव्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. मी एका बचाव पथकात वाहनचालक आहे आणि बोटीचा ट्रेलर सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना, मांजरा, सिंदफणा यांसारख्या नद्यांनी मराठवाड्यातील गावेच्या गावे वेढली, तेव्हा बोट वेळेवर पोहोचणे म्हणजे काय हे सर्वांनी पाहिले. बोट कितीही चांगली असली, तरी वाटेत ट्रेलरचे बेअरिंग बसले किंवा रात्रीच्या रस्त्यावर मागचे दिवे गेले, तर तिचा कोणालाच उपयोग होत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी आम्ही पैठणला नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, जो सराव करतो, त्यात बोट चालवण्याइतकेच लक्ष मी ट्रेलर पाण्यात घालण्याकडे आणि बाहेर काढण्याकडे देतो.

आमचा ट्रेलर एका आसाचा, दोन चाकांचा आहे. बोट, मागचे आउटबोर्ड इंजिन, इंधन, दोरखंड आणि लाइफ जॅकेट मिळून वजन साडेसातशे किलोच्या पुढे जाते. युरोपातील नियमांप्रमाणे ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोपेक्षा अधिक असेल, तर त्याला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात, आणि हे ओझे मागे घेऊन उतारावर गाडी थांबवून पाहिली की त्या नियमामागचे कारण आपोआप समजते. आमच्या ट्रेलरचे ब्रेक ढकलीवर चालणारे आहेत. पुढच्या दांड्यात कपलिंगचा एक सरकता भाग असतो. गाडीने ब्रेक लावला की मागचे वजन पुढे रेटले जाते, सरकता भाग आत दबतो, त्याच्यामागचा मास्टर सिलिंडर दाबला जातो आणि ब्रेक ऑइलच्या दाबाने चाकांच्या ड्रममधील लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, फाकून ट्रेलरही थांबू लागतो. चालकाला वेगळे पेडल नसते आणि गाडीच्या ब्रेकला कोणतीही नळी जोडावी लागत नाही, त्यामुळे आयत्या वेळी कोणतीही गाडी पुढे जोडता येते. पण रेटा लागला की ब्रेक लागणार, मग तो रेटा गाडी थांबल्याचा असो की गाडी मागे घेतल्याचा. पाण्याच्या काठावर याच गोष्टीने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. त्याकडे मी पुढे येतोच.

छत्रपती संभाजीनगरहून पैठण सुमारे पन्नास किलोमीटर आहे. चितेगाव, बिडकीन या पट्ट्यात अवजड वाहनांची गर्दी असते, गतिरोधक असतात, आणि प्रत्येक वेळी वेग कमी केला की ट्रेलरचे ब्रेक थोडेथोडे तापत जातात. मे महिन्याच्या उन्हात पैठणला पोहोचेपर्यंत चाकांचे हब, म्हणजे ज्यांच्या आत बेअरिंग असतात ते मधले भाग, चांगलेच गरम झालेले असतात. अशा वेळी घाईने ट्रेलर पाण्यात घातला, तर हबच्या आत तापून पसरलेली हवा एकदम आकसते, आत ओढ निर्माण होते आणि मागच्या ऑइल सीलच्या कडेने पाणी आत खेचले जाते. ते पाणी ग्रीसमध्ये मिसळले की ग्रीस दुधाळ होते, बेअरिंगच्या रोलरवर गंज धरतो आणि त्याचा आवाज त्या दिवशी येतही नाही. तो येतो काही आठवड्यांनी, भर रस्त्यात, बहुधा रात्री.

हे टाळण्यासाठी आम्ही काठाच्या बरेच अलीकडे, एखाद्या बाभळीच्या किंवा लिंबाच्या सावलीत गाडी थांबवतो आणि हब निवल्याशिवाय पुढे जात नाही. त्यासाठी वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. हा वेळ वाया जात नाही, कारण बोटीचा तळाचा बूच घट्ट बसवणे, मागचे पट्टे सोडणे, पुढच्या विंचचा, म्हणजे बोट ओढून धरणाऱ्या हातरहाटाचा, पट्टा तपासणे ही कामे याच वेळात उरकतात. मी स्वतः आधी दोन्ही हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहतो. दोन्हींकडून सारखीच धग येत असेल तर चिंता नाही. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेली असेल, तर तिकडचा ब्रेक घासत आहे किंवा बेअरिंग जास्त आवळले गेले आहे असे समजावे. मागच्या सरावात डावीकडचा हब असाच तापला होता. जॅक लावून चाक उचलले आणि हाताने फिरवले, तेव्हा प्रत्येक फेऱ्यात एका ठिकाणी लायनर घासल्याचा खरखर आवाज येत होता आणि चाक तेथेच अडून थांबत होते. ड्रमच्या मागच्या छिद्रातून ॲडजस्टर दोन दाते सैल केल्यावर चाक मोकळे फिरू लागले. पाण्यात उतरण्यापूर्वी हे कळले, याचे समाधान मोठे होते.

याच थांब्यावर दिव्यांचा प्लग गाडीच्या सॉकेटातून काढायचा असतो. साधे, तारेचे बल्ब असलेल्या ट्रेलरसाठी हा नियम फार महत्त्वाचा आहे. उतारावर गाडी मागे घेताना चालकाचा पाय जवळजवळ सतत ब्रेकवर असतो, म्हणजे ट्रेलरचे ब्रेकचे दिवेही सतत पेटलेले असतात. एकवीस वॅटच्या बल्बची काच त्यामुळे चांगलीच तापते, आणि दिव्याच्या घरात पाणी शिरले की तापलेल्या तव्यावर गार पाण्याचा हबका मारावा तसे होऊन काच तडकते. बल्ब वाचला, तरी वीज चालू असताना होल्डरमध्ये पाणी शिरल्यास पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि पुढे महिनाभर दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. म्हणून प्लग काढायचा, फडक्याने पुसायचा आणि तो जमिनीवर घासणार नाही किंवा पाण्यात लोंबकळणार नाही अशा रीतीने ट्रेलरच्या दांड्यावरच्या हुकाला अडकवायचा.

आता मघाशी सांगितलेल्या अडचणीकडे येतो. ढकलीवरच्या ब्रेकची गाडी मागे घेताना अडचण होते, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक असते. आमच्या ट्रेलरवर त्यासाठी विजेवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्ह आहे. गाडी रिव्हर्समध्ये टाकली की मागच्या पांढऱ्या दिव्याबरोबर त्या व्हॉल्व्हलाही वीज मिळते, तो ब्रेक ऑइलची वाट बंद करतो आणि रेटा आला तरी ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत. योजना उत्तम आहे, परंतु ती वीज त्याच प्लगमधून जाते जो दिवे वाचवण्यासाठी आपण काढून ठेवतो. प्लग ठेवला तर बल्ब फुटतो, प्लग काढला तर मागे जाताना ब्रेक जाम होतो. ट्रेलर देणाऱ्या पुरवठादाराने याविषयी एक शब्दही सांगितलेला नव्हता, आणि बचावाच्या कामासाठी दिलेल्या सामग्रीबाबत इतके मौन मला आजही पटत नाही.

सरळ उतारावर हा दोष लपून राहतो. गाडी मागे उतरत असते तेव्हा ट्रेलर स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, कपलिंग दबण्याऐवजी ताणले जाते आणि ब्रेक मोकळे राहतात. परंतु नाथसागराचा काठ म्हणजे बांधलेला सिमेंटचा उतार नव्हे. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याचा मातीचा बांध सुमारे दहा किलोमीटर लांब आहे आणि जलाशयाची पूर्ण पातळी १५२२ फूट आहे. जमीन सपाट असल्यामुळे उन्हाळ्यात पातळी थोडी उतरली, तरी पाण्याची कड फार दूर सरकते. मागे उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेरा करतात, आणि पाण्याखाली गेलेल्या जुन्या शेतांचे बांध पुन्हा वर दिसू लागतात. असाच एक बुजत आलेला बांध आमच्या वाटेत होता. ट्रेलर मागे घेताना चाके त्या उंचवट्याला भिडली, चढ आला, कपलिंग आत दबले आणि ट्रेलर जागीच अडला. गाडीची मागची चाके मातीत फिरू लागली. अशा वेळी ॲक्सिलरेटर वाढवून काही साधत नाही. जितका जोर लावावा तितका ब्रेक आणखी घट्ट धरतो.

यावरचा उपाय दांड्यावरच होता. सरकत्या भागाला आत जाऊ न देणारी लोखंडी खिट्टी घालण्यासाठी तेथे एक आरपार छिद्र असते. गाडी वीतभर पुढे घेऊन कपलिंग ताणायचे, खिट्टी घालायची आणि मग मागे यायचे. वीज असो वा नसो, रेटा मास्टर सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. मात्र ही खिट्टी तेवढीच धोक्याची आहे, कारण ती छिद्रात राहिली तर परतीच्या रस्त्यावर ट्रेलरला ब्रेकच नसतात आणि ते सगळे वजन एकट्या गाडीवर येते. म्हणून आम्ही खिट्टीला लाल कापडाची लांब पट्टी बांधली आणि प्लग व खिट्टी यांची जोडी लावून दिली : प्लग निघाला की खिट्टी आत, खिट्टी निघाली की प्लग आत. ही दोन्ही कामे एकाच माणसाने करायची आणि तोंडाने मोठ्याने सांगायची, असा पथकाचा नियम केला आहे.

उतरण्याची जागा निवडताना मी तेथील मासेमारी करणाऱ्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही. जाळे विणत बसलेल्या एका वयस्कर भोई मामांनी आमची गाडी वळताना पाहून हात केला आणि म्हणाले, “सायेब, हिकडून नका घालू. वरून वाळल्यालं दिसतंय, खाली समदा गाळ हाय. त्या गाळपेराच्या कडंनं जा, तिथं मुरूम लागतो.” मी विचारले, “मामा, तिथं पाणी खोल किती आहे?” त्यांनी छातीवर हात ठेवून दाखवला आणि म्हणाले, “हितवर यायला लई आत जावं लागतंय.” त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. मुरमाची ती जागा कडक होती, पण उतार इतका मंद होता की बोट तरंगेपर्यंत गाडीची मागची चाके आणि सायलेन्सर पाण्यात गेले असते.

अशा जागी आम्ही ट्रेलर गाडीपासून सोडवतो, जाड दोर ट्रेलरच्या दांड्याला आणि गाडीच्या हुकाला बांधतो, आणि गाडी कडक जमिनीवर ठेवून ट्रेलर पुढच्या लहान चाकावर माणसांच्या हातांनी पाण्यात सोडतो. सोडवण्यापूर्वी ट्रेलरचा हँडब्रेक ओढतो, चाकांना लाकडी ठोकळे लावतो, आणि दोर बांधून तो ताणल्यानंतरच ठोकळे काढतो. पाण्यात मात्र हँडब्रेकवर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ड्रममध्ये पाणी भरले की लायनरची पकड जाते आणि लिव्हर कितीही वर ओढली तरी चाके सरकत राहतात. तेथे खरा आधार दोराचा असतो. दोराच्या रेषेत, तसेच ट्रेलरच्या मागे कोणी उभे राहायचे नाही, आणि बोट तरंगत असल्याची खात्री होईपर्यंत विंचचा पट्टा सोडायचा नाही. हे पाळले की बोट शांतपणे पाण्यावर जाते.

बोट परत ट्रेलरवर घेऊन बाहेर आल्यावर जे काम असते, ते मला उतरवण्याहून महत्त्वाचे वाटते. समुद्रकाठी ट्रेलर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय कोणी ठेवत नाही, कारण खारे पाणी लोखंड खाते. आपल्याकडे पाणी गोडेच आहे, मग धुवायचे कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु आपल्या काळ्या मातीचा गाळ ड्रमच्या मागच्या पत्र्यातल्या छिद्रांतून आत जातो, लायनर आणि ड्रम यांच्या मधे बसतो आणि उन्हात वाळून कडक होतो. नंतर ब्रेक लावला की तोच गाळ ड्रम खरवडत राहतो. आमच्याकडे आगीसाठी असलेला लहान पंप असतो. गाळ ओला आहे तोवरच पाण्याची धार ड्रमच्या मागून मारून, चाक फिरवत, गढूळ पाणी येणे थांबेपर्यंत आम्ही तो धुतो. त्यानंतर खिट्टी काढायची, प्लगच्या पिना पुसून तो जोडायचा आणि मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालत हलके ब्रेक लावत जायचे. ओल्या ड्रमचे पहिले एक-दोन ब्रेक लागतच नाहीत, गाडीला मागून स्पष्ट धक्का बसतो. हळूहळू घर्षणाच्या उष्णतेने लायनर वाळतात, धक्का मऊ होत जातो आणि शेवटी नाहीसा होतो. तो नाहीसा झाल्याशिवाय मी मुख्य रस्त्याला लागत नाही.

दिवे तपासण्याचे काम दोघांचे आहे. एकाने मागे उभे राहून मोठ्याने सांगायचे, “डावा लागला, उजवा लागला, ब्रेक लागला.” एका सरावानंतर मागून वेगळेच ऐकू आले : ब्रेक दाबला की डावा इंडिकेटरही मंद पेटत होता, आणि इंडिकेटर दिला की टेललाइट त्याच्याबरोबर लुकलुकत होता. बल्ब सगळे ठीक होते. पैठणमध्ये ज्यांच्याकडे आम्ही वायरिंगचे काम नेतो, त्या चाचांनी दिव्यांकडे नुसते पाहिले आणि म्हणाले, “बेटा, बल्बला हात लावू नको. अर्थ गेला आहे.” त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी डाव्या दिव्याच्या बॉडीला लावून ब्रेक दाबायला सांगितला. जेथे काटा शून्याजवळ राहायला हवा, तेथे तो कित्येक व्होल्ट वर गेला. अर्थ म्हणजे विजेची परतीची वाट. दिव्यातून निघालेल्या विजेला ती मिळत नव्हती, म्हणून ती दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढत होती आणि भलतेच दिवे पेटत होते.

दोष सापडला तो बोटाच्या पेराएवढ्या बोल्टवर. दिव्याची अर्थची तार रंगवलेल्या चौकटीवर बोल्टने आवळलेली होती, रंगाखाली गंज चढला होता, आणि तेथून पुढे वीज चौकट, कपलिंग आणि ते ज्यावर बसते तो गाडीमागचा बॉल यांच्यामार्गे गाडीकडे जाईल अशी अपेक्षा होती. ग्रीस लावलेल्या, हलत्या बॉलवर अर्थसाठी विसंबणे मुळातच चुकीचे आहे. चाचांनी प्लगच्या अर्थच्या पिनेपासून दोन्ही दिव्यांपर्यंत स्वतंत्र पांढरी तार ओढली, प्रत्येक जोड डाखून त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली आणि तारा चौकटीच्या आतून, दगड लागणार नाही अशा नेल्या. त्याच वेळी तारेचे बल्ब काढून पूर्ण बंदिस्त एलईडी दिवे बसवले. त्यांची काच तापत नाही आणि घरात पाणी शिरत नाही. तरीही प्लग काढण्याचा नियम आम्ही सोडलेला नाही, कारण पाण्याखालच्या एखाद्या जोडाला बारीक फट असेल, तर वीज चालू असताना तो लवकर कुजतो.

या दिव्यांसाठी मी इतका आग्रह का धरतो, हे रात्री या रस्त्याने आलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही. गळीत हंगामात मराठवाड्याच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रभर चालतात, आणि मागे दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात जवळ येईपर्यंत दिसत नाही. बोटीच्या ट्रेलरचे त्याहून वेगळे नाही. बोटीचा मागचा भाग रुंद असतो, तो गाडीचे स्वतःचे मागचे दिवे पूर्ण झाकून टाकतो, आणि इंजिनाचा पंखा चौकटीच्याही मागे येतो. मागच्या चालकाला आमच्याविषयी जे काही कळते ते ट्रेलरच्या दोन दिव्यांवरूनच कळते. आम्ही दोन्ही बाजूंना लाल परावर्तक पट्ट्या लावल्या आहेत आणि इंजिनाला लाल कापड बांधतो, परंतु ब्रेक लावल्याचे फक्त दिवाच सांगू शकतो.

आता सराव नसतानाच्या दिवसांत ट्रेलर उभा कसा ठेवायचा, हेही ठरलेले आहे. ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ट्रेलर उभा केला, तर लायनर गंजून ड्रमला चिकटतात आणि बोलावणे आले त्या क्षणी चाक फिरत नाही. म्हणून हँडब्रेक सोडून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावतो. हबच्या टोकाला स्प्रिंगच्या हलक्या दाबाखाली ग्रीस भरून ठेवणारी टोपणे बसवली आहेत, त्यामुळे आत पाणी खेचले जाण्याची शक्यता कमी होते. तरीही मृग लागण्यापूर्वी दोन्ही हब उघडून ग्रीसचा रंग पाहतोच, आणि तो जराही पांढरट दिसला तर बेअरिंग धुऊन, नवे सील घालूनच चाक चढवतो. ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक बसवावेत, अशी लेखी मागणी मी केली आहे, कारण डिस्कमध्ये पाणी आणि गाळ साठत नाही आणि धुणेही सोपे जाते. ती मंजूर होईपर्यंत पंप आणि खिट्टी आमच्या गाडीत सर्वांत वर ठेवलेली असतात.